फ्रिज रात्री दोनला बंद पडल्याबद्दल

नमस्कार साहेब,

आमच्या भाड्याच्या ट्रेलरमध्ये शंभर एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी सांगून आम्ही निम्मीच दिली, फ्रिज रात्री दोनला बंद पडला आणि इसवण (सुरमई) फेकून द्यावी लागली, असं तुम्ही लिहिलंय. इसवणीचं वाचून खरंच वाईट वाटलं, आजच्या भावात तर जास्तच.

ट्रेलर परत आल्यावर ती बॅटरी म्हापशाच्या शेडमध्ये तपासली. फुल चार्ज करून रात्रभर लोडशिवाय ठेवली, सकाळी १२.७ व्होल्ट. मग गाडीच्या हेडलाइटचा ६० वॅटचा बल्ब लावला. क्लॅम्प मीटरवर सरासरी ४.८ अँपिअर. सहाला सुरू केलं, दर तासाला व्होल्ट वहीत लिहिले. रात्री साडेअकराला १०.५ वर आली तेव्हा बल्ब काढला. लेड-अ‍ॅसिडला त्याखाली उतरवत नाहीत. साडेसतरा तासांचे झाले ८४ एएच. शंभर नाहीत. तेवढं तुमचं बरोबर.

पण ८४ सुद्धा सगळे वापरायचे नसतात. रोज तळ गाठला की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि बॅटरी लवकरच भंगारात जाते. म्हणून आमचा कट-ऑफ, म्हणजे बॅटरी आपोआप तोडणारा स्विच, निम्म्यावर लावलेला आहे. तुमच्या हातात ४२ होते. मे महिन्याच्या उकाड्यात फ्रिज सरासरी २.७ अँपिअर खातो, पंखा-दिवे मिळून आणखी दोन अँपिअर. संध्याकाळी पाचपासून दोनपर्यंत हिशेब संपला. नवीकोरी असती तरी पावणेचारपर्यंतच गेली असती. बंद पडल्यावर तुम्ही मीटर लावून १२.२ पाहिलेत आणि ‘बॅटरी शिल्लक असून तोडली’ म्हणालात. शिल्लक होतीच, अर्धी!

आणखी एक. ट्रेलर तुम्ही कुळागरात, पोफळींच्या सावलीत लावलात. जागा सुरेख, पण छतावरचं सोलर तिथं दिवसभर झोपूनच होतं.

हे सगळं ट्रेलर देताना सांगायला हवं होतं. उलट आमच्या पोरानं फोनवर ‘दोन रात्री आरामात’ म्हणून टाकलं, स्टिकरवरही १००च. ही चूक आमची. एका दिवसाचं भाडं परत पाठवतोय. स्टिकरवर आता ‘वापरायला ४२’ लिहिलंय. नवी बॅटरी बसली की तीही आधी बल्बावर तपासूनच आकडा टाकू.

तुमचा मासळीचा स्टीलचा डबा फ्रिजमध्येच राहिला होता. घासून ठेवलाय.