शहाळ्यावरून झालेलं भांडण

लातूरच्या गंजगोलाईत 16 रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या एका रस्त्यावर कापडाच्या बंद दुकानाच्या पायऱ्या हा आमचा कट्टा. मे महिन्यात रात्री 9 च्या आधी तिथं बसवत नाही, दगड तापलेला असतो. सर, मामा, आप्पा आणि मी. सरांच्या घरी वहिनींचं डायलिसिस चालू आहे, म्हणजे किडनी काम करत नाही म्हणून मशीननं रक्त साफ करणं. माझ्या घरी थोरल्या भावाचं. आप्पा स्वतःच मंगळवार, गुरुवार, शनिवार मशीनवर असतात. मामा एसटीत कंडक्टर होते. त्यांच्या घरी हा आजार नाही, पण आमचं सगळं ते ऐकून घेतात.

आमचा व्हॉट्सॲप ग्रुप डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर सुरू झाला. आत पेशंट 4 तास, बाहेर नातेवाईक 4 तास. बोलता बोलता नंबर घेतले गेले. आज त्यात उदगीर, औसा, निलंगा, पार धाराशिवपर्यंतची माणसं आहेत.

परवा उदगीरकडच्या एका ताईंनी लिहिलं: "उन्हाचा लई त्रास होतोय. आमच्या ह्यांना मी रोज सकाळी एक शहाळं देते. थंड पडतंय. सगळ्यांनी देऊन बघा." त्यावर सरांनी लिहिलं: "नवऱ्याला मारायचं ठरवलंय का? कळत नाही त्यानं शहाणपण शिकवू नये." खाली अंगठ्यांची रांग लागली. थोड्या वेळानं ताई ग्रुपमधून बाहेर पडल्या.

मी सरांना म्हणालो, "सर, हे बरं नाही झालं."

"काय बरं नाही?" सर लगेच तापले. "एका शहाळ्यात 500-600 मिलिग्रॅम पोटॅशियम सहज असतं. आपल्या माणसाची किडनी ते बाहेर टाकत नाही. रक्ताच्या रिपोर्टात त्याचा आकडा 3.5 ते 5 च्या आसपास पाहिजे. 6.5 च्या वर गेलं की ठोके बिघडतात, हृदय बंद पडू शकतं. कधी कधी तर आधी काही जाणवतसुद्धा नाही. अशा वेळी गोड बोलत बसू? दुसरे 10 जण वाचून शहाळं आणायला निघाले असते त्याचं काय?"

सर बोलले त्यातला शब्द न् शब्द खरा होता. हे मला आधीच सांगितलं पाहिजे, कारण खोटं काय पसरलं यावर आमचं भांडण नव्हतंच.

"10 जण थांबले, मान्य," मी म्हणालो. "पण त्या ताईंच्या घरचं शहाळं बंद झालं का?"

सर गप्प. मग म्हणाले, "झालं असेल की."

"कुणी विचारलं?"

कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही.

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "मला एक सांगा, त्या बाईला शहाळं कुणी शिकवलं? दवाखान्यात कुणाला भेटायला जाताना आपण काय घेऊन जातो? शहाळंच ना? माणूस आजारी पडला की शहाळं, हे तिनं लहानपणापासून बघितलंय. इकडं तर नारळ पिकत बी नाही. रोज पैसे मोजून आणायली ती. आन् तुम्ही म्हणायलाव, नवऱ्याला मारायलीस का."

हे मला फार लागलं. जी बाई मायेनं देत होती, तिला आम्ही चारचौघांत खुनी ठरवलं. तिची चूक दाखवायला एवढं लागत नव्हतं.

मामा पुढं म्हणाले, "मला मुतखडा झाला तवा डॉक्टर म्हणले, रोज अडीच-तीन लिटर पाणी प्या. ती बी किडनीच ना?"

किडनी तीच, पण बोट ठेवायची जागा ही. मुतखडावाल्यानं भरपूर पाणी प्यायचं. किडनी बदललेल्यालाही डॉक्टर बहुतेक वेळा भरपूर प्यायलाच सांगतात. आणि डायलिसिसवाल्याला मोजून: साधारणपणे दिवसाला जेवढी लघवी होते, तेवढं अधिक अर्धा लिटर. त्यात चहा आला, वरण आलं, ताक आलं, बर्फाचा खडासुद्धा आला. लघवी किती, हे प्रत्येकाचं वेगळं. म्हणून माझ्या भावाचा आकडा आप्पांच्या कामाचा नाही. ग्रुपवर मात्र सगळे "किडनीवाले". एकाला वाचवणारा सल्ला दुसऱ्याच्या पायांवर सूज आणतो, छातीत पाणी भरतो. सल्ला देणारा खोटं बोलत नसतो. तो स्वतःचा अनुभवच सांगत असतो.

पाण्याचा विषय निघाला की आप्पा बोलतातच. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा ते घागरी मोजत होते. आता घोट मोजतात. त्यांना एका दिवसात लिटरभरही प्यायची मुभा नाही, आणि त्यांचं रक्त साफ करायला मशीनला एका वेळी 120 लिटरच्या आसपास शुद्ध पाणी लागतं. एरवी ते हे सांगून थांबतात. त्या रात्री थांबले नाहीत.

"सर, रागावू नका," ते म्हणाले. "गेल्या वर्षी मी आंबा खाल्ला होता. लेकीनं केशर आणला होता. शनिवारी डायलिसिस झालं, मधे रविवार, सोमवार दोन दिवस मोकळे. दोन्ही दिवस खाल्ला. सोमवारी रात्री पाय उचलंना. पोटॅशियम 6.8. रात्रीतून मशीन लावली."

"मला कामून नाही सांगितलं?" सर म्हणाले.

"ग्रुपवर लिहायला घेतलं होतं. म्हणलं दुसऱ्याला उपयोग होईल. मग वाटलं, तुम्ही काय लिहिताल. पुसून टाकलं."

सर बराच वेळ रस्त्याकडं बघत बसले. मला त्यांचं वाईट वाटलं. वहिनींसाठी या माणसानं भाजी चिरून, कोमट पाण्यात ठेवून, ते पाणी फेकून मग शिजवायची, हे स्वतः शिकून ग्रुपवर सगळ्यांना शिकवलंय. "लो सोडियम" मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, ते आपल्या माणसाला अजिबात नको, हे माझ्या घरी त्यांच्यामुळंच कळलं. सैंधव मीठ म्हणजे शेवटी मीठच, हेही. एवढं देणाऱ्या माणसाची धास्ती वाटून आप्पांनी सगळ्यांत कामाचा अनुभव पुसून टाकला होता.

पण सर सहजासहजी सोडणारे नाहीत. "मग त्या चूर्णवाल्याला बी 'दादा, आपलं म्हणणं विचार करण्यासारखं आहे' असं म्हणायचं का?"

मागच्या महिन्यात एकजण ग्रुपवर "डायलिसिस कायमचं सुटेल" म्हणून पुड्या विकत होता. त्याला काढला ते बरोबरच केलं. किडनीच्या दाहासकट कितीतरी आजार बरे करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानं बंदी आहे. पण त्यालाही शिवी द्यायची गरज पडली नव्हती. मेसेज पुसला, माणूस काढला, का काढला ते दोन ओळींत लिहिलं. ताई काही विकत नव्हत्या. ह्या दोघांना एकच भाषा वापरायची, हे मला पटत नाही.

"बरं, मग काय लिहायला पाहिजे होतं, सांगा," सर म्हणाले आणि मोबाईल काढला.

खरा वाद तिथून पुढं झाला. सरांनी टाइप केलं: "ताई, शहाळं चालत नाही." मामा म्हणाले, हा हुकूम झाला. आप्पा म्हणाले, पहिल्यांदा माफी. मी म्हणालो, माफी असू द्या, पण तिच्यात शहाळं बुडून जाऊ नये. तेच सगळ्यांत महत्त्वाचं आहे. मऊ बोलायचं म्हणून धोका लपवायचा नाही. "डॉक्टरांना विचारा" एवढंच लिहिलं तर पुढच्या फेरीपर्यंत शहाळं चालूच राहील, हे आप्पांचं म्हणणं. दोनदा पुसून, तिसऱ्यांदा जे झालं ते हे:

"ताई, परवा मी फार वाईट बोललो, माफ करा. तुम्ही काळजीनंच देत होता. पण शहाळ्यात पोटॅशियम लई असतं, डायलिसिसच्या माणसाला ते धोक्याचं आहे. आजपासून देऊ नका. आमच्यातल्या एकाचं आंब्यानं 6.8 झालं होतं, रात्रीतून मशीनवर घ्यावं लागलं. उद्या डॉक्टरांना फोन करून रोज शहाळं दिल्याचं सांगा, ते रक्त तपासतील. पाय गळाले, छातीत धडधडलं तर थांबू नका, लगेच दवाखान्यात न्या."

"आमच्यातल्या एकाचं" हे आप्पांनी स्वतः सांगून घालायला लावलं. सरांनी मेसेज ताईंच्या नंबरवर पाठवला, ग्रुपवर नाही. ग्रुपवर वेगळं लिहिलं: परवाचे माझे शब्द चुकले, शहाळ्याबद्दलची माहिती मात्र बरोबर आहे.

निळी खूण यायला पाऊण तास लागला. चहावाला कप घेऊन गेला, मामा उठून परत बसले.

मग उत्तर आलं. "बरं सर. बंद करते. सकाळी फोन लावते डॉक्टरला." आणि लगेच दुसरं: "मग ताक चालतं का? लई तहान तहान करतेत."

सरांनी "नाही" एवढं टाइप केलं. थांबले. ते पुसलं आणि आप्पांकडं बघत हळूहळू लिहिलं:

"ताई, दिवसभरात ह्यांना लघवी किती होते? आणि डॉक्टरांनी पाणी किती सांगितलंय?"