मधलं की कोपऱ्याचं?

गेल्या रविवारी एका भिंतीने माझ्या घोरण्याची चौकशी केली. भिंतीने म्हणजे भिंतीपलीकडच्या गृहस्थाने. पण तो काही दिसला नाही, त्यामुळे माझा राग भिंतीवरच आहे.

स्वतंत्र बंगला झेपत नाही आणि फ्लॅटला कंटाळलोय, म्हणून आम्ही एकमेकांना चिकटलेली घरं बघतोय. यातलं पहिलं संकट नावांचं. डुप्लेक्स म्हणजे आपल्या लेखी एकाच कुटुंबाची दोन मजली जागा, आत जिना. अमेरिकेत त्याच शब्दात दोन कुटुंबं राहतात. इंग्लंडात रांगेतल्या घराला टेरेस्ड हाऊस म्हणतात आणि त्याला गच्ची असेलच असं नाही. एकच भिंत सामाईक असली की ते सेमी-डिटॅच्ड, हे तर मला लग्नानंतरच्या मित्रांचं वर्णन वाटतं. आपला रो-हाऊस त्यातल्या त्यात प्रामाणिक. रांगेत उभं राहायचं, हे नावातच सांगून टाकतो.

तर रांगेतलं मधलं घर बघत होतो. "एकदम साउंडप्रूफ आहे सर," एजंट म्हणाला. "९ इंची वीटकाम." कुठेतरी वाचलं होतं म्हणून मी भिंतीवर तीनदा टकटक केलं.

पलीकडून तीनदा टकटक आली.

"कोण?" भिंतीने विचारलं.

मी एजंटकडे पाहिलं. एजंट छताचं प्लास्टर तपासू लागला.

"घर बघायला आलोय," मी म्हणालो.

"बघा, बघा. एकटेच?"

"मिसेस आहेत."

"नमस्कार वहिनी!"

बायकोने भिंतीला चक्क हात जोडून नमस्कार केला.

"सर, ९ इंची भिंत आहे," एजंट कुजबुजला.

"साडेचार!" भिंत म्हणाली. म्हणजे कुजबूजही जात होती. "प्लास्टर धरून साडेपाच. फोटो लावायला खिळा ठोकला तेव्हा मोजली. तुमच्या बाजूला पोपडा निघाला असेल, बघा." खिडकीजवळ पोपडा निघालेलाच होता. "आणि जरा स्विचबोर्डजवळ येऊन बोला. दोन्हीकडचे बोर्ड पाठीला पाठ लावून बसवलेत, तिथून अगदी स्पष्ट येतं."

बायको प्लगच्या भोकांशी वाकली. बारा वर्षांच्या संसारात माझं बोलणं तिने कधी इतक्या जवळून ऐकलेलं नाही. वाकून तिने विचारलं काय, तर, "अहो, हे जरा घोरतात. चालेल ना?"

भिंत क्षणभर गप्प झाली. मग डॉक्टरच्या आवाजात म्हणाली, "सलग, की थांबून थांबून?"

बायकोने करून दाखवलं! एका अनोळखी स्विचबोर्डात, एजंटच्या देखत, तिने माझी नक्कल केली. शेवटच्या शिट्टीसकट.

"छे छे," भिंत म्हणाली. "मग मधलं घेऊच नका. दोन्हीकडच्यांची झोप उडेल. कोपऱ्याचं बघा साहेब. एकाच घराला त्रास."

एजंट हसला. कमिशनवर जगणाऱ्या माणसाने गिऱ्हाइकाला हसू नये, एवढं साधं त्याला कळलं नाही.

घरी येऊन मी सूडबुद्धीने वाचत बसलो. १६६६ साली लंडन जळलं. पुढच्याच वर्षीच्या कायद्यात घरं विटांची किंवा दगडांची बांधा, आणि दोन घरांमधली भिंत किती जाड ठेवा, हे लिहून ठेवलं गेलं. म्हणजे आग शेजारी जाऊ नये याची काळजी साडेतीनशे वर्षांपूर्वी घेतली; घोरणं जाऊ नये याचं कुणाला पडलं नव्हतं. त्यातून भिंतीचं वजन दुप्पट केलं तरी आवाज साधारण ६ डेसिबलनेच कमी होतो, आणि तो कानाला निम्मा वाटायला १० लागतात. वर बोर्डाची भोकं वेगळीच. चिडून परत माहितीपत्रक उघडलं. त्यात हिरवळीचा पानभर फोटो आहे, हिरवळीवर पळणारं कुत्रं आहे, पण दोन घरांमधली भिंत किती जाड, हा एक आकडा कुठेही नाही. जन्मभर तिच्या अलीकडे झोपायचं आम्ही, आणि ते कुत्रं कुणाचं तेसुद्धा माहीत नाही.

बरं, भिंतीचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, आणि तेच जास्त झोंबतं. मधल्या घराला उजेड पुढून आणि मागून, बस. जिन्यात भरदुपारी दिवा. कोपऱ्याच्या घराला तिसऱ्या बाजूने खिडक्या मिळतात. त्याच बाजूने ऊनही आत येतं, पाऊसही झोडपतो आणि रंगाचा खर्च वाढतो. बायकोने मात्र खिडक्यांपाशीच ऐकणं थांबवलं.

काल एजंटचा फोन आला. "सर, त्याच रांगेत कोपऱ्याचं एक निघालंय. मालक स्वतः विकतायत. त्या दिवशी तुमचं त्यांच्याशी बोलणं झालंय."

माझं घोरणं ऐकून दिलेला तो निःस्वार्थ सल्ला म्हणजे जाहिरात होती! मी तावातावाने बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "माणूस चांगला वाटला हो. निदान भिंतीचं खरं तरी सांगितलं."

आता अडचण अशी, की ते घर घेतलं तरी ती साडेचार इंची भिंत माझ्याच वाट्याला येणार, फक्त पलीकडून. आणि मधलं घर अजून विकायचंय. रविवारी लोक येतील, टकटक करतील. बायको आत्तापासून म्हणतेय, उत्तर द्यायला तूच उठायचं.