बाईंच्या आवाजाची नक्कल

आज मुलाच्या शाळेत पालकसभा होती. बाई बोलायला उभ्या राहिल्या. घसा पार बसलेला, दुसऱ्याच वाक्याला आवाज चिरकला. मागच्या बाकावरच्या एका गृहस्थाने बायकोच्या कानाशी लागून नक्कल केली आणि आजूबाजूचे चार जण फिदीफिदी हसले. मी गप्प बसले. तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून इथे लिहितेय.

माझी आई 29 वर्षं प्राथमिक शाळेत बाई होती. गॅसवाल्याला फोन केला की तो आजही म्हणतो, "हां दादा, बोला." ती आता त्याला सुधारतही नाही.

पत्र्याची शाळा, खिडकीबाहेर एसटीचा रस्ता, वर्गात 64 पोरं. पाऊस पत्र्यावर वाजायला लागला की पाढे ओरडूनच घ्यायचे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात पहिली ते पाचवीला 30 मुलांमागे एक शिक्षक असं आलं खरं, पण तोवर आईचा गळा कामातून गेला होता.

डॉक्टरांनी दुर्बीण घालून पडद्यावर दाखवलं होतं. गळ्यातल्या आवाजाच्या पांढऱ्या दोन पट्ट्या आणि दोन्हींवर समोरासमोर तांदळाच्या कणीएवढी एकेक गाठ. बायका साधं बोलतात तेव्हाही या पट्ट्या सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा एकमेकींवर आपटतात. ओरडलं की आणखी जोरात. खुरपं धरून हाताला घट्टा पडतो ना, तसं. फक्त हा कुणाला दिसत नाही.

आठ दिवस मौन सांगितलं. आईने माझी पाटी घेतली. एकदा दूध वर आलं, मी गॅसपाशीच पाठमोरी उभी. आई पाटीवर लिहितेय, "दूध उतू जा..." तोवर ओटाभर दूध! मग ती कुजबुजायला लागली, तर डॉक्टर त्यावरही रागावले. जोर लावून कुजबुजलं तरी गळ्याला ताण पडतोच म्हणे. आणि चौथ्या दिवशी बाईसाहेब वर्गावर हजर. रजा शिल्लक नव्हती.

खडीसाखर चघळा, ज्येष्ठमध चघळा, हे सांगणारे मात्र गावभर. बरं वाटतं, नाही म्हणत नाही. पण गिळलेलं अन्ननलिकेत जातं, त्या पट्ट्या श्वासाच्या वाटेवर. तिथे उपयोग वाफेचा, तोंड मिटण्याचा आणि पाण्याचा, तेही थेट नाही, अंगात मुरून.

हो, काही शिक्षक उगाच खेकसतात. आईही खेकसायची, घरीसुद्धा. मान्य.

शाळेतून आली की ती अर्धा तास पायरीवर बसायची. मानेच्या शिरा अजून ताठलेल्या, हात कपाळाला, कुणाशी अक्षर नाही. आम्हाला वाटायचं, चिडलीय. आम्ही लांबूनच जायचो. पाण्याचा तांब्या तरी न्यायचा, तेही कधी सुचलं नाही. आज सभेत त्या बाई बाटलीतलं पाणी घोट घोट पीत होत्या ना, तेव्हा तो तांब्या आठवला.

घरी आल्यावर पोरगा बुटासकट सोफ्यावर. मी स्वयंपाकघरातूनच किंचाळले आणि माझाच आवाज फाटला, हुबेहूब आईसारखा. आई शेंगा सोलत बसली होती. तिने नुसत्या दोन टाळ्या वाजवल्या. पोरगा निमूट उतरला.

पुढची सभा दिवाळीनंतर आहे. त्या गृहस्थाच्या शेजारचीच जागा धरणार आहे मी.