पेपर उघडून वाचणार कोण?

गणेशोत्सवाच्या आगेमागे सांगली-साताऱ्याच्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते: आपल्या महाविद्यालयातले अमुक सर ‘स्टॅनफोर्डच्या जागतिक दोन टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत’. मग विश्रामबागेत नाहीतर पोवई नाक्यावर फलक लागतो, संस्थेत सत्कार होतो. त्याच महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये मात्र वेगळा वाद रंगलेला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी 2025 च्या मसुद्यात प्राध्यापकांच्या नेमणूक-बढतीसाठी एपीआयचे, म्हणजे पेपर वगैरे मोजून दिले जाणारे, गुण बाजूला ठेवून ‘उल्लेखनीय योगदान’ पाहावं असं सुचवलं आणि पुढच्याच महिन्यात मान्य संशोधन-नियतकालिकांची केअर यादी बंद केली. यावर दोन तट पडले आहेत. एकाचं म्हणणं, आकडे गेले की वशिला आलाच. दुसरा म्हणतो, आकड्यांनीच संशोधनाची वाट लावली. युरोपने इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे नियतकालिकाचं वजन सांगणारा आकडा, टाकून दिला, आपणही टाकू.

इथे नेदरलँड्समध्ये बायोकेमिस्ट्रीच्या प्रयोगशाळांत जे चालतं ते पाहता दोन्ही बाजूंचं निम्मं निम्मं खरं आहे. युरोपचा दाखला देताना एक गोष्ट गाळली जाते. इथे आकडे काढले तेव्हा त्यांच्या जागी पेपर, म्हणजे शोधनिबंध, वाचणारी माणसं बसवली. आपल्याकडे ती माणसं नेमण्याआधी आकडे काढले, तर पहिल्या तटाची भीती खरी ठरेल.

आधी त्या यादीबद्दल. तिथे ‘निवड’ होत नाही, अर्जही करावा लागत नाही. स्टॅनफोर्डचे जॉन इओअनिडिस आणि सहकारी स्कोपस या शोधनिबंधांच्या माहितीसंग्रहावरून एक संयुक्त गुणांक काढतात. त्यात सहा गोष्टी येतात: एकूण सायटेशन (इतर पेपरांनी केलेले उल्लेख), एच-इंडेक्स (तो कसा काढतात ते पुढे येईल), सहलेखकांच्या संख्येनुसार दुरुस्त केलेला एच-इंडेक्स, आणि एकट्याने, पहिल्या व शेवटच्या नावाने लिहिलेल्या पेपरांना मिळालेल्या सायटेशनचे तीन वेगवेगळे आकडे. याद्या दोन असतात, एक संपूर्ण कारकिर्दीची आणि दुसरी फक्त एका वर्षाची. बातमीत यातली कोणती ते क्वचितच छापतात, आणि दोघींत फरक मोठा आहे. यादीची मूळ फाइल कुणालाही मोफत उतरवून घेता येते. तिच्यात स्वतःच स्वतःला दिलेल्या सायटेशनची टक्केवारी वेगळ्या रकान्यात असते, आणि अलीकडच्या आवृत्त्यांत मागे घेतलेल्या पेपरांची संख्याही दिलेली असते. सत्काराआधी संस्थेने हे दोन रकाने पाहावेत. यादीत खरोखर मोठं काम केलेली माणसं आहेत. त्यांच्यासाठीसुद्धा ही तपासणी झालेली बरी.

सायटेशन म्हणजे नेमकं काय मोजतो, हे बायोकेमिस्ट्रीइतकं स्वच्छ कुठल्याच विषयात दिसत नाही. ‘नेचर’ने 2014 मध्ये सर्वाधिक सायटेशन मिळालेल्या शंभर पेपरांची यादी केली, तेव्हा पहिले तिन्ही पेपर आपल्याच विषयातले निघाले. पहिला लाउरी आणि सहकाऱ्यांचा 1951 चा, प्रथिनं मोजण्याच्या पद्धतीवरचा, तीन लाखांहून जास्त सायटेशनचा. दुसरा लेमलीचा 1970 चा, जेलवर प्रथिनं वेगळी करण्याचा. तिसरा ब्रॅडफर्डचा 1976 चा, पुन्हा प्रथिनं मोजण्याचाच. डीएनएच्या रचनेवरचा 1953 चा पेपर त्या शंभरात नाही. सायटेशन वापर मोजतं. एखादी पद्धत रोज लागते म्हणून तिचा उल्लेख रोज होतो. काम किती खोल आहे किंवा बरोबर तरी आहे का, हे त्या आकड्यातून कळत नाही.

याचं जवळचं उदाहरण सांगलीची हळद. हळदीतल्या कर्क्युमिनवर जगभरात हजारो पेपर निघाले आणि त्यांतल्या बऱ्याच पेपरांना भरभरून सायटेशन मिळाली. 2017 मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका अग्रगण्य नियतकालिकात त्या साऱ्याचा सविस्तर आढावा आला. त्यात दाखवून दिलं की कर्क्युमिन पाण्यासारख्या उदासीन द्रावणात काही मिनिटांतच मोडू लागतं, त्याचे रेणू एकत्र गोळा होतात, ते स्वतः चमकतं आणि रंगावर चालणाऱ्या चाचण्यांना फसवतं. आता आपल्याकडच्या महाविद्यालयांत आवडीने केली जाणारी अल्फा-ग्लुकोसिडेझ या एन्झाइमची चाचणी घ्या. तिच्यात पिवळा नायट्रोफिनॉल तयार होतो आणि तो 405 नॅनोमीटरला मोजतात. कर्क्युमिन प्रकाश शोषतं 425 च्या आसपास, म्हणजे जवळजवळ तिथेच. एन्झाइम न घालता फक्त अर्क घातलेला ब्लँक लावला नसेल, तर मिळालेला आकडा एन्झाइमचा की हळदीच्या पिवळेपणाचा, हे सांगता येणार नाही. असा पेपर छापून येतो, त्याला पन्नास सायटेशन मिळतात, आणि मोजपट्टीला ब्लँक दिसत नाही. तो दिसायला पेपर उघडावा लागतो.

लाउरीच्या पद्धतीचंही तसंच. तिच्यातला फोलिनचा अभिकर्मक वनस्पतीतल्या फिनॉलांशीही रंग देतो. पानांच्या अर्कातली प्रथिनं आधी ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लाने साका करून वेगळी केली नाहीत, तर प्रथिनांचा आकडा फुगतो आणि त्याने भागून काढलेली एन्झाइमची विशिष्ट क्रियाशीलता खोटीच कमी येते. जाणकार वाचक हे ‘पद्धती’च्या परिच्छेदात दोन मिनिटांत पकडतो.

आता एच-इंडेक्स. हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये तो सुचवला. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने मांडायचे आणि क्रमांक सायटेशनच्या पुढे जाण्याआधी थांबायचं. समजा एखाद्या प्राध्यापिकेच्या बारा पेपरांची सायटेशन अशी आहेत: 210, 34, 18, 12, 9, 7, 7, 5, 3, 1, 0, 0. सातव्या पेपराला 7 आहेत, आठव्याला 5, म्हणून एच-इंडेक्स 7. एकूण सायटेशन 306. यातला 210 वाला पेपर नऊ जणांनी मिळून लिहिलेला आढावालेख असेल आणि तो बाजूला काढला, तर एकूण आकडा 96 वर येतो, एच-इंडेक्स फक्त 6 होतो. म्हणजे एकूण सायटेशन एका पेपराने उधळतं, एच-इंडेक्स तेवढं उधळत नाही. हा त्याचा गुण. दोष असा की तो कधी घटत नाही. वयाबरोबर आपोआप वाढतो, पहिल्या नावाचा पेपर आणि सातव्या नावाचा पेपर त्याला सारखाच. बायोकेमिस्ट्रीत तर पहिलं नाव काम करणाऱ्याचं आणि शेवटचं प्रयोगशाळाप्रमुखाचं असा रिवाज आहे. तो रिवाज या आकड्यात पुसला जातो.

इम्पॅक्ट फॅक्टर तर माणसाचा आकडाच नाही. एखाद्या नियतकालिकात मागच्या दोन वर्षांत आलेल्या लेखांना यंदा मिळालेली सायटेशन भागिले त्या लेखांची संख्या, एवढाच तो. स्फटिकशास्त्राच्या एका जुन्या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर 2008 मध्ये 2 च्या आसपास होता आणि 2009 मध्ये जवळजवळ 50 झाला. कारण एकच: शेलेक्स या संगणकप्रणालीवरचा एक लेख, ज्याचा उल्लेख प्रत्येक स्फटिकरचनेच्या पेपरात होऊ लागला. त्या वर्षी तिथे छापलेल्या बाकीच्या लेखकांचं काम पंचवीसपट चांगलं झालं नव्हतं.

आणि आपल्या आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत गुण ठरतात ते यावरच. इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या नियतकालिकातल्या पेपराला वाढीव 5, एकपेक्षा कमी असेल तर 10, पुढे पायरीपायरीने दहाच्या वर 30. पेपरात काय आहे याची एक ओळही त्यात नाही. त्याच नियमावलीतली लेखकांची वाटणी मला त्याहून घातक वाटते. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला 70 टक्के. दोनाहून जास्त असतील तर मुख्य लेखकाला 70 आणि बाकी प्रत्येकाला 30. बेरीज करून पाहा: दोघांत 140 टक्के, चौघांत 160, सहा जणांत 220. दुसरं नाव आल्यानंतर मुख्य लेखकाचं आणखी काही कमी होत नाही, आणि तिघांनंतर एकेक नाव जोडलं की संस्थेच्या खात्यात 30 टक्के वाढतात. मग विभागातल्या सगळ्यांची नावं सगळ्यांच्या पेपरावर येणं हा माणसांच्या स्वभावापेक्षा नियमाचा परिणाम जास्त आहे. वाटणी शंभरात बसवली असती तर ही सवय इतकी रुजली नसती.

आकडे ठेवायचेच असतील तर ते आधी स्वच्छ हवेत, आणि आपल्या भागात इथेच पहिली गडबड होते. पाटील, जाधव, कदम, शिंदे. त्यात आद्याक्षरं दोनच. ‘एस. बी. पाटील’ नावाखाली स्कोपसमध्ये पाच माणसांचे पेपर एकत्र पडलेले असू शकतात, आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंचे पेपर दोन खात्यांत फुटलेले. उपाय कंटाळवाणा आहे, पण एका दुपारचा आहे. ऑर्किड (ORCID) हा संशोधकाच्या ओळखीचा सोळा अंकी क्रमांक काढायचा, त्यात आपले पेपर डीओआयने, म्हणजे प्रत्येक पेपराच्या कायमच्या क्रमांकाने, जोडायचे, स्कोपसमधली फुटलेली खाती एकत्र करण्याची विनंती पाठवायची, आणि गूगल स्कॉलरमध्ये नवे पेपर आपोआप जोडण्याची सोय बंद करून ‘आधी मला विचारा’ हा पर्याय ठेवायचा. नाहीतर सातासमुद्रापलीकडच्या कुणा पाटलांचे पेपर आपल्या खात्यात येऊन बसतात. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (छापण्याआधीचे मसुदे), परिषदांची टिपणं सगळंच मोजतो, म्हणून त्याचा आकडा स्कोपसपेक्षा मोठा येतो. अर्जावर एच-इंडेक्स लिहिताना कुठला आणि कोणत्या तारखेचा हे लिहिलं नसेल तर तो आकडा ग्राह्यच धरू नये.

विषयाप्रमाणे समतोल केलेले आकडेही आहेत. एखाद्या पेपराची तुलना त्याच वर्षीच्या, त्याच उपविषयातल्या, त्याच प्रकारच्या पेपरांशी करतात. जागतिक सरासरी 1. हे एच-इंडेक्सपेक्षा न्याय्य आहे, कारण कॅन्सरच्या बायोकेमिस्ट्रीत सायटेशन भराभर मिळतात आणि ज्वारीच्या एन्झाइमवर सावकाश. मात्र बारा पेपरांची सरासरी एका पेपराने हलते. विद्यापीठाच्या पातळीवर हा आकडा चालतो, एका माणसाला लावू नये.

आता इथलं. उट्रेख्त विद्यापीठाने 2021 मध्ये नेमणूक आणि बढतीतून इम्पॅक्ट फॅक्टर काढण्याचं ठरवलं. डच संशोधन परिषदेच्या अर्जात तो आणि एच-इंडेक्स लिहायची मुभा नाही. मोजकी कामं निवडायची आणि त्यांत आपण काय केलं, ते महत्त्वाचं का, हे शब्दांत लिहायचं. जर्मनीच्या संशोधन संस्थेने 2010 पासूनच परिचयपत्रात पाचच महत्त्वाचे पेपर मागायला सुरुवात केली होती. पण या बदलाला इथेही विरोध झाला. 2021 मध्येच दीडशेहून जास्त डच संशोधकांनी जाहीर पत्र लिहून म्हटलं की मोजता येणारे निकष गेले तर मूल्यमापन मनमानी होईल आणि त्याची किंमत तरुण संशोधक मोजतील. सांगलीच्या स्टाफरूममधला पहिला तट नेमकं हेच म्हणतो, आणि माझ्या मते त्यात तथ्य आहे. गोष्ट छान लिहिता येणाऱ्याला शब्दांचं परिचयपत्र फायद्याचं ठरतं. संस्थाचालकांच्या ओळखीच्या माणसाला तर ‘उल्लेखनीय योगदान’ हे दारच उघडं मिळेल. विट्याच्या किंवा कोरेगावच्या ज्या मुलीच्या मागे कुणी नाही, तिला आज किमान इतकं म्हणता येतं की माझे सात पेपर आहेत, 75 गुण आहेत, मला मुलाखतीला बोलवा. तो आधार तिच्या हातून काढून घेऊ नये.

म्हणून आकडा उंबरठ्यापुरता ठेवावा आणि त्याच्या आत वाचन सक्तीचं करावं. सहयोगी प्राध्यापकाला सात पेपर, प्राध्यापकाला दहा, हा किमान निकष राहू द्या. इम्पॅक्ट फॅक्टरचे गुण मात्र जाऊ द्या. उमेदवाराने पाच पेपर निवडावेत आणि प्रत्येकात आपण काय केलं ते प्रमाणित चौदा भूमिकांच्या यादीतून लिहावं: कल्पना कुणाची, प्रयोग कुणी केले, आकडेवारी कुणी तपासली, मसुदा कुणी लिहिला. ते पाच पेपर दोन बाहेरच्या वाचकांकडे जावेत, दोघेही शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्राबाहेरचे. वाचकाने काय पाहावं हेही ठरवून द्यावं. ब्लँक आणि कंट्रोल आहेत का. तीनदा केलेला प्रयोग खरोखर तीनदा केला, की एकाच नळीतून तीनदा मोजलं. एन्झाइमचा केएम (वेग कमाल वेगाच्या निम्मा असतो तेव्हाची सब्स्ट्रेटची, म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करतं त्या पदार्थाची, मात्रा) काढला असेल तर सब्स्ट्रेटची मात्रा केएमच्या पाचव्या हिश्श्यापासून पाचपटीपर्यंत घेतली का, आणि वेग सुरुवातीचा, दहा टक्क्यांहून कमी सब्स्ट्रेट संपलेला असतानाचा आहे का. जेलच्या आणि ब्लॉटच्या चित्रांतले प्रथिनांचे पट्टे दोन ठिकाणी तेच तर नाहीत. मूळ आकडे कुठे ठेवले आहेत. प्रत्येक पेपरावर अर्धं पान अभिप्राय लिहावा, आणि निवड झालेल्याचे अभिप्राय संस्थेच्या संकेतस्थळावर टाकावेत. वशिल्याला आळा बसेल तो या शेवटच्या अटीने, कारण चुकीच्या पेपराची स्तुती लिहिणाऱ्याचं नाव मग सगळ्यांसमोर राहतं.

आयोगाचे नियम पाळूनही हे करता येतं. वरून जास्तीचं वाचन मागायला कुणाची आडकाठी नाही. साताऱ्याचं कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ 2021 मध्येच स्थापन झालंय, जुन्या सवयी अजून घट्ट झालेल्या नसतील. एका पदासाठी आठ उमेदवार मुलाखतीपर्यंत आले तर चाळीस पेपर होतात. नीट वाचायला पेपरामागे पाऊण तास धरला तर प्रत्येक वाचकाचे तीस तास. हे काम चहा-नाश्ता आणि प्रवासभत्त्यावर होणार नाही. नेदरलँड्समध्ये असं वाचन प्राध्यापकाच्या कामाच्या तासांत धरतात. आपल्याकडे त्यासाठी मानधन ठरवावं लागेल, आणि जाहिरात निघण्याआधी ते विभागाच्या अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीवर दिसलं पाहिजे.