लाईट गेली की पोरं होतात म्हणे!

उकाडा वाढला की नऊ महिन्यांनी जन्म घटतात, अशी एक बातमी ग्रुपवर सगळ्यांनी वाचलेली, त्यामुळे मी ठाण्याच्या तलावपाळीला पोचेपर्यंत बंड्याने निकाल लावूनही टाकला होता. "साधं आहे यार, थंडी-उन्हाळा काही नाही, लाईट गेली की माणूस करणार काय? न्यूयॉर्कला १९६५ ला रात्रभर अंधार, नऊ महिन्यांनी हॉस्पिटलं फुल्ल!" आवाज चढवला की मुद्दा सिद्ध झाला, हे बंड्याचं कॉलेजपासूनचं.

नंदाताई शेंगा सोलत बसलेली. रिटायर्ड सिस्टर, सगळी नोकरी लेबर रूममध्ये. "ती पेपरवाल्यांनी उठवलेली हवा रे. युड्री म्हणून एकाने १९७० ला जन्माचे आकडे मांडून दाखवले, वाढबिढ काही नव्हती. लॉकडाऊनमध्येपण तू हेच बोलत होतास ना? बऱ्याच देशांत २०२० च्या शेवटी जन्म उलट कमी झाले."

"ते सोड. माझे बाबा, दोन्ही काका, आत्या, सगळे १ जूनचे! म्हणजे नऊ महिने मागे गेलं की बरोबर गणपतीच्या आसपास..."

"म्हणजे शाळेचे मास्तर. ॲडमिशनला वय बसवायला टाकलेली तारीख ती. तुझी आजी काय मास्तरांना विचारून बाळंत व्हायची?"

पक्याच्या नाकातून चहा आला.

मग ताई खरी बोलायला लागली. अमेरिकेत १९३१ ते २०१० चे जन्म तपासलेत, दिवसाची सरासरी २७ अंशांच्या वर गेलेला एक दिवस जास्त आला की नऊ महिन्यांनी त्या महिन्यातले जन्म साधारण ०.४ टक्के घटतात, पुढे थोडे भरून निघतात पण सगळे नाही, आणि घराघरात एसी आल्यावर हा फटका कमी झाला.

"२७? मग ठाण्यात कोणी जन्मलंच नसतं!" बंड्या.

"तिकडच्या १५-२० अंशांच्या दिवसाशी तुलना आहे ती, नीट ऐक तरी. आपल्याकडेपण गर्भ जास्त राहतो तो थंडीतच."

पक्या म्हणाला लग्नंच तुळशीच्या लग्नानंतर लागतात, तर मग थंडीचं काय कौतुक. हे ताईने लगेच मान्य केलं, दोन्ही कारणं एकात एक गुंतलेली आहेत म्हणाली. तमिळ लोक आडी महिन्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टच्या सुमारास, नव्या नवरीला माहेरी पाठवतात, नाहीतर बाळंतपण ऐन उन्हाळ्यात येतं, तेही तिनेच सांगितलं.

पण मला भिडलं ते पुढचं. अंडकोषांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश गारवा लागतो, शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने जातात, म्हणजे मे मधल्या उन्हाचा हिशोब जुलैपर्यंत चालू राहतो. "वागळे इस्टेटला पत्र्याखाली भट्टीसमोर उभा राहणारा माणूस, दुपारभर रिक्षा चालवणारा माणूस, मूल होत नाही म्हणून आधी तपासायला कोणाला आणतात? सुनेला. तिच्या सोनोग्राफ्या होतात, नवस होतात, सासू टोमणे मारते, आणि हा बाहेर बाकावर मोबाईल बघत बसलेला. अशा जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंपण कारण असतं, पण एक साधी वीर्यतपासणी करायला सांगितली की चेहरा बघावा!"

मला वाटतं त्या बातमीत हेच पहिल्या ओळीत यायला हवं होतं. उकाडा वाढत चाललाय, एसी ज्याला परवडतो तो त्यातून सुटेल, आणि बोलणी मात्र पत्र्याखालच्या घरातली सून खाईल.

"म्हणजे आता उन्हाळ्याचा दोषपण पुरुषांवर," बंड्या पुटपुटला.

"तू कधीचा रे? खरी तारीख सांग, मास्तरांची नको."

"१५ सप्टेंबर."

"डिसेंबरचं पीक! बघ, स्वतःच माझा पुरावा आहेस."

पक्या म्हणे काका-काकू त्या डिसेंबरात माथेरानला गेले असणार, उद्या घरी जाऊन विचारूया. बंड्या भडकला, मग त्याने चिडून पक्याचा फायनलमधला रनआऊट काढला, पक्याने न परत केलेली स्कूटर काढली, आणि चहावाला पैसे मागायला आला तेव्हा दोघंही एकमेकांकडे बोट दाखवत होते.