सांकेतिक भाषेच्या दुभाषीला पैठणीचा आग्रह करू नका

सध्या आमच्या खानदेशातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मेसेज फिरतोय. सांकेतिक भाषेचे दुभाषी काळे, साधे कपडे घालून मंचावर येतात ही परदेशी फॅशन आहे. शुभकार्यात काळा अपशकुनी. दुभाषी बाईने पैठणी, बांगड्या, मेंदी असं शोभेलसं यावं, नाहीतर तो यजमानांचा अपमान. तसंही कर्णबधिर लोक ओठ वाचतात. मी सोडून दिलं असतं. पण माझी मावसबहीण हेच काम करते. जळगावच्या एका लग्नघरातून तिला हाच मेसेज आला आणि खाली लिहिलेलं, "ताई, तुम्ही पण असंच या." त्या लग्नात नवरीचे आईवडील दोघंही कर्णबधिर आहेत!

मेंदी-बांगड्यांचं आधी, कारण खरं नुकसान तिथे आहे. भारतीय सांकेतिक भाषेत माणसांची, गावांची नावं बरेचदा इंग्रजी अक्षरांनी सांगतात, तीही दोन्ही हातांनी. ए, ई, आय, ओ, यू हे पाच स्वर म्हणजे एका हाताच्या पाच बोटांची टोकं. दुसऱ्या हाताचं बोट ज्या टोकाला टेकलं, तो स्वर. मेंदीत सगळ्यात गडद रंगतात तीही हीच टोकं. त्यात खड्याची अंगठी आणि मनगटभर चमकत्या बांगड्या. मंचावरचा फोकस त्यावर पडला की पाचव्या रांगेतून बोट कुठे टेकलं ते कसं दिसणार? शिवाय हात हलतात ते छातीसमोर, म्हणजे बरोबर पैठणीच्या जरीसमोर. चट्ट्यापट्ट्यांच्या सतरंजीवर सांडलेले तीळ वेचावेत, तसं त्या आईने पोटच्या पोरीच्या लग्नात दोन तास डोळे ताणून बसायचं का? कन्यादानाला गुरुजी काय सांगतायत, हे तिला कळायला नको?

"परदेशी फॅशन" म्हणता, तर परदेशातलंच बघा. अमेरिकेतली दुभाषांची नोंदणी संस्था आणि तिथली बधिरांची राष्ट्रीय संघटना यांनी मिळून २००५ साली आचारसंहिता केली. दुभाषीने स्वतःकडे लक्ष वेधलं जाणार नाही असं वावरावं आणि कपडे काळजीपूर्वक निवडावेत, एवढंच त्यात आहे. काळ्या रंगाची सक्ती कुठेही नाही.

तेव्हा काळाच रंग हवा असं नाही, इतपत त्या मेसेजचं खरं आहे. कपडा एकरंगी, न चमकणारा आणि हाताच्या रंगापेक्षा वेगळा उठून दिसणारा हवा. गोऱ्या हातांना गडद निळा, गडद हिरवा चालतो. काळ्यासावळ्या हातांना तर काळा नकोच, फिकट रंग हवा. लग्न आहे म्हणून नीटनेटकं यावं, हेही मान्य. बिनकाठाची एकरंगी सुती साडी नेसली तर कोणाचाच अपमान होत नाही.

अपशकुनाबद्दल काय बोलायचं? संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसतात त्या आपल्याच घरातल्या बायका.

आणि ओठ वाचण्याचं म्हणाल, तर आरशासमोर आवाज न काढता "पार, बार, मार" म्हणून बघा. तिन्ही वेळा ओठ सारखेच मिटतात. दुभाषीचा चेहरा दिसायला हवाच, कारण प्रश्न आहे की नकार हे भुवया आणि मान सांगतात. म्हणून केस मागे घट्ट बांधायचे, कपाळावर बट नको, नाकात मोठी नथ तर नकोच.

बहिणीने त्या घरी कळवलंय की ती गडद निळा, साधा कुर्ता घालून येईल. मेसेज ज्यांनी पुढे पाठवला, त्यांनी हेही त्याच गटांत पाठवा.