आपण जिंकलो, ते हरले

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी, अमेरिकेतल्या आमच्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा हंगाम सुरू झाला की मी ‘आपण’ म्हणतो. आपण यंदा जोरात आहोत, आपला चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक नवा आहे, आपल्याला कोण अडवतोय. ऑक्टोबर लागला की त्या ‘आपण’चं ‘आम्ही’ होतं. आम्ही तसे वाईट नाही हो, जरा बचाव कच्चा आहे. ऐकणाऱ्याला हळूच बाहेर काढलेलं असतं, उगाच त्याच्या डोक्याला ताप नको. आणि नोव्हेंबरच्या मध्यावर ऑफिसात कुणी विचारलंच तर मी कॉफीच्या मशिनकडे बघत म्हणतो, “ते हरले वाटतं परवा.”

इंग्रजीत ही मधली पायरीच नाही. तिथला माणूस ‘वुई’वरून थेट ‘दे’वर आपटतो. मराठीत उतरायला निदान जिना आहे.

हा माझा एकट्याचा नीचपणा नाही, याला शास्त्राधार आहे. रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने 1976 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सात विद्यापीठांत दर सोमवारी नुसतं मोजलं, की किती पोरं विद्यापीठाचं नाव असलेले कपडे घालून वर्गात आली. शनिवारी संघ जिंकला असेल तर जास्त. मग फोन करून सामन्याबद्दल विचारलं, तर जिंकलेल्या सामन्याला पोरं ‘आम्ही’ म्हणत आणि हरलेल्याला ‘ते’. हे वाचल्यावर मला फार हायसं वाटलं. माझ्या कपाटात विद्यापीठाचे चार टी-शर्ट आहेत. ते इतके कोरे का राहिले, हे बायकोला आता पुराव्यानिशी सांगता येतं.

विद्यापीठाचं नाव सांगत नाही. त्यांचं आधीच पुष्कळ वाईट चाललंय. अमेरिकेच्या मध्यभागी, मक्याच्या शेतांत वसलेलं गाव, एवढं पुरे. एमएस करायला आलो, नोकरी इथेच लागली, आणि गावाबरोबर संघही गळ्यात पडला. मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर उन्हात बसून तालमीतालमींचे फुटबॉलचे सामने बघत मोठा झालेला. इथला फुटबॉल म्हणजे हातात धरून पळायचा लंबगोल चेंडू, हे कळल्यावर कोल्हापूरच्या माणसाला जे वाटायचं ते वाटून झालं. पण गर्दी, बँड, शिव्या आणि निष्ठा ओळखीची होती. म्हटलं, चेंडूचा आकार काय घेऊन बसायचं.

आता शनिवार कसा असतो ते सांगतो. सामना सकाळी 11ला. संध्याकाळची वेळ टीव्हीवाले चांगल्या संघांना देतात. आम्हाला सकाळी उरकून टाकतात, श्राद्धासारखं. म्हणजे आठ वाजता पार्किंगमध्ये हजर. गाडीची डिकी उघडायची, शेगडी पेटवायची, खायचं, प्यायचं. याला टेलगेट म्हणतात. आम्ही पाच मराठी घरं मिळून मिसळ करतो. रस्सा रात्रीच तयार असतो, पाव म्हणून बर्गरचे बन. सोलापूरकर शेंगाची चटणी आणतो, नागपूरकर आमचा रस्सा चाखून “हे काय तिखट आहे का” म्हणतो. शेजारच्या व्हॅनमधले स्थानिक आजोबा दरवर्षी वाटीभर मिसळ मागून घेतात, डोळे पुसत संपवतात आणि बायकोला सांगतात, आज चिली छान झालीय.

हे आजोबा चाळीस वर्षं सामने बघतायत. गेल्या वर्षी खेळ सुरू व्हायची वेळ झाली, आम्ही आवराआवर करून निघालो, तर हे खुर्ची सोडेनात. व्हॅनमध्ये टीव्ही लावलेला, वर अँटेना. मैदान दोनशे पावलांवर, तिथला बँड कानावर येतोय, आणि हे तोच सामना टीव्हीवर बघतायत. मी विचारलं, येत नाही का आत? म्हणाले, “इथून बंद करता येतो.”

आत जाण्याचा सोहळा वेगळाच. पिशवी पारदर्शकच लागते. माझ्या पारदर्शक पिशवीत पारदर्शक पुडी, त्यात पातळ पोह्यांचा चिवडा. दारावरच्या मुलीने ती पुडी उजेडात धरली, हलवली, तळाशी बसलेल्या कढीपत्त्याकडे संशयाने पाहिलं आणि विचारलं, हे काय आहे? खरं तर बाहेरचं खाणं नेत नाहीत आत. मी म्हणालो, मॅडम, स्कोअरबोर्डवर नजर टाका, मग ठरवा. तिने पुडी परत दिली. हरणाऱ्या संघाचा हा एकमेव फायदा मी स्वतः उपभोगलाय.

मग बाक. तो अ‍ॅल्युमिनियमचा असतो. उणे पाच तापमानात अ‍ॅल्युमिनियमवर साडेतीन तास बसणं काय असतं ते लिहून कळायचं नाही. थंडी खालून वर चढते, आणि मध्येच खेळ थांबतो. खेळाचं घड्याळ साठ मिनिटांचं, पण टीव्हीच्या जाहिरातींसाठी तो पुन्हा पुन्हा थांबवतात. टीव्हीचा एक माणूस मैदानाच्या कडेला येऊन उभा राहतो. तो हलेपर्यंत बावीस धिप्पाड गडी आणि आम्ही हजारो प्रेक्षक एकमेकांकडे बघत राहतो. घरी बसलेल्याला निदान ट्रकची जाहिरात तरी दिसते. संघ चांगला असला की या वेळात लोक गाणी म्हणतात. संघ वाईट असला की विचार करतात. आणि प्रेक्षकाने विचार करणं संघाला परवडत नाही.

मध्यंतरात बँड वाजतो. बँड मात्र नाद खुळा, त्यात वाद नाही. तो संपला की विद्यार्थ्यांचा अख्खा कोपरा उठून चालू लागतो. लग्नात पंगत झाली की वऱ्हाड पांगतं तसा. तरी दुसऱ्या दिवशी पेपरात हजेरीचा आकडा भरभक्कम. जाहीर होतो तो आकडा बहुतेक ठिकाणी विकलेल्या-वाटलेल्या तिकिटांचा असतो, डोक्यांचा नव्हे. म्हणजे मी घरी पांघरुणात असलो तरी तिथे उपस्थित असतो. शाळेत ही सोय असती तर.

लोकांना वाटतं, संघ हरतो म्हणून चाहते जातात. साफ चूक. हरण्याने कुणी जात नाही, उलट भव्य हरलात तर लोक बघायला येतात. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्नचा संघ 1979 ते 1982 या काळात सलग 34 सामने हरला. शेवटी ती माळ तुटली तेव्हा पोरांनी गोलपोस्ट उपटले आणि थेट मिशिगन सरोवरात नेऊन बुडवले. विसर्जनाचा हा उत्साह बघून मला ते आपलेच वाटले. टेक्सासमधल्या प्रेअरी व्ह्यूने तर 1989 ते 1998 मध्ये सलग 80 सामने गमावले. ऐंशी! त्या काळात तिथे शिकलेला माणूस आजही छाती पुढे काढून सांगत असेल.

चुटपुट लावणारं हरणंही चालतं. नेब्रास्काचा संघ 2021 साली नऊ सामने हरला आणि नऊच्या नऊ एक आकडी फरकाने. त्या संघाला 2017 ते 2023 सलग सात हंगाम विजयांपेक्षा पराभव जास्त, तरी तिथलं स्टेडियम 1962पासून दर सामन्याला ‘हाउसफुल्ल’. अधूनमधून गावातल्या पैसेवाल्यांनी उरलेली तिकिटं उचलून परंपरेला टेकू दिला, पण दिला ना.

आमचं दुखणं वेगळं. आम्ही 5-7 आहोत, म्हणजे पाच जिंकले, सात हरले. हंगामात सामने बारा, त्यातले सहा जिंकले की ‘बोल’ नावाच्या हंगामोत्तर सामन्याला पात्र. सहा म्हणजे पस्तीस टक्के समजा. आम्हाला दरवर्षी चौतीस पडतात. सपशेल नापासाला घरचे समजून घेतात, वायरमनचा कोर्स वगैरे सुचवतात. चौतीसवाल्याचं काय करायचं ते कुणालाच कळत नाही. सरोवरात बुडवण्याइतका आनंद नाही आणि मिरवण्याइतकी बदनामी नाही. नुसतंच आपलं पाच-सात, पाच-सात. लेझीमसारखं.

त्यात पाहुण्यांचा छळ. मोठी विद्यापीठं हंगामाच्या सुरुवातीला छोट्या विद्यापीठाला पैसे मोजून बोलावतात: या, आमच्याकडून मार खा, चेक घेऊन जा. क्वचित पाहुणाच यजमानाला बडवतो. 2007 साली अ‍ॅपलाचियन स्टेटने मिशिगनला त्यांच्याच अंगणात 34-32 असं लोळवलं. चेक चार लाख डॉलरचा होता. 2024 मध्ये नॉर्दर्न इलिनॉयने नोत्र दामला 16-14 हरवलं आणि 14 लाख डॉलर घेऊन घरी गेले. आमच्याकडेही असं एकदा झालं. त्या रात्री आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सोलापूरकराने एवढंच लिहिलं: “जेवायला बोलावलं आणि भांडी पण घेऊन गेले.” दुसरं लक्षण म्हणजे होमकमिंग. माजी विद्यार्थी गावी परततात तो सणाचा सामना, म्हणून त्याला जरा सोपा प्रतिस्पर्धी बघतात. एका वर्षी आम्ही तीन वेगवेगळ्या गावांच्या होमकमिंगला पाहुणे होतो. सगळीकडे आमचं मनापासून स्वागत झालं.

कोचचं तर विचारू नका. नवा येतो, ‘प्रक्रियेवर विश्वास ठेवा’ म्हणतो. आम्ही तीन वर्षं ठेवतो. मग त्याला काढतात आणि घरी बसण्याचे पैसे देतात. टेक्सास ए अँड एमने 2023च्या नोव्हेंबरात जिंबो फिशरला काढलं तेव्हा त्याचं देणं साडेसात कोटी डॉलरच्या वर गेलं. काम न करण्याचे. ही बातमी मी कोल्हापूरला फोनवर सांगितली, तेव्हा वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “अर्ज कुठं करायचा?”

पण माझं मन खरं कशावरून उडालं असेल तर खेळाडूंवरून. 2018 मध्ये एका विद्यापीठाच्या संघातून दुसऱ्यात बदली मागण्यासाठी ‘पोर्टल’ निघालं. 2021पासून पहिल्या बदलीला वर्षभर बसून राहायची अट गेली आणि त्याच वर्षी पोरांना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मुभा मिळाली. पोरांच्या बाजूने बघाल तर न्यायच झाला. इतकी वर्षं त्यांच्या खांद्यांवर बाकी सगळे श्रीमंत होतच होते. पण चाहत्याचं काय? मी मोठ्या कष्टाने एका बचावपटूचं आडनाव बिनचूक म्हणायला शिकलो. समोआकडचं आडनाव, सगळे स्वर सुटे सुटे. ज्या आठवड्यात जमलं त्याच आठवड्यात तो पोर्टलमध्ये गेला. पुढच्या वर्षी आमच्याविरुद्ध खेळायला आला तेव्हा अख्ख्या स्टेडियममध्ये त्याचं नाव नीट म्हणणारा मी एकटा होतो.

शाहू स्टेडियमवर तालीम हरली, तर गोल सोडणारा गोलकीपर दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या कट्ट्यावर भेटायचा. “काय भावा, डोळं मिटून उभारला होतास काय?” तो मान खाली घालायचा, आपण दूध घ्यायचं, विषय संपला. तिथेही पुढे बाहेरगावचे, अगदी परदेशी खेळाडू आले, पण तालीम पेठेतच राहिली. इथे लीगसुद्धा जागेवर राहत नाही. 2024पासून पॅसिफिकच्या काठावरचं स्टॅनफर्ड अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये खेळतं. रत्नागिरीने पुरीच्या संघटनेत नाव घालावं तसं. आणि ‘बिग टेन’, म्हणजे ‘मोठे दहा’, नावाच्या लीगमध्ये संघ आहेत अठरा. कोच बदलला, पोरं बदलली, लीग बदलली. उरतो कोण? बाकावरचा मी, आणि तो बाक.

मन उडाल्याचा दाखला कुठे मिळतो सांगू? गावाबाहेरच्या घाऊक दुकानात. पूर्वी सामन्याच्या वेळी तिथे शुकशुकाट असायचा. ज्यांना फुटबॉलचं काही नाही अशी देशी मंडळी शनिवारी अकरालाच जाऊन तांदळाची पोती आणायची. गेल्या नोव्हेंबरात शेवटच्या सामन्याला मी तिकीट असून गेलो नाही, मुकाट दूध आणायला गेलो, तर पार्किंगला जागा नाही. आत निम्मं स्टेडियम. संघाच्या रंगाची टोपी घातलेला एक जण टॉयलेट पेपरचा गठ्ठा ढकलत होता. आम्ही एकमेकांना ओळखलं आणि दोघांनीही नजर वळवली. दारूच्या गुत्त्यावर मास्तर भेटावेत तसं झालं.

रांगेत त्याचा फोन वाजायला लागला. कॉमेंट्री होती. आम्ही 5-6, हा जिंकलो तर सहा. दोन गुणांनी मागे, शेवटचे चार सेकंद, सोपी किक. मी टोमॅटो तिथेच ठेवले आणि त्याच्या फोनवर वाकलो. मागची बाई वाकली. बिलं करणारा पोरगा हातात माझं दूध धरून थांबला. किक उडाली, खांबाला टण्ण वाजली आणि बाहेर गेली. फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधूनही तो आवाज आला. टोपीवाला म्हणाला, “पुढच्या वर्षी पोर्टलमधून नवा किकर आणतायत.” पोरगा म्हणाला, “पिशवी हवीय का?”

जानेवारीत एका रविवारी बायको क्रेडिट कार्डाचा हिशोब घेऊन बसली होती. चष्मा कपाळावर, बोट एका ओळीवर.

“हे आठशे डॉलर कुणाचे? अ‍ॅथलेटिक्स म्हणून लिहिलंय.”

“त्यांचे,” मी म्हणालो.

“आणि कार्ड?”

मी भांडी घासायला उठलो. “आपलं.”